हवालदाराचे पाय

जऊळका,
दि. १२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. योगिनीस,
अ. उ. आ. वि. वि.

परवा तुझा फोन आला. तू जे बोललीस त्यातलं अर्धं मला ऐकू आलं आणि उरलेल्या अर्ध्याला मी हो हो म्हणून मोकळी झाले. त्या होकारांना किंमत देऊ नकोस. कान थकले असले तरी हात अजून चालतो, म्हणून पत्र लिहिते.

जानरावने तुला कळवलंच असेल. वावर त्याला बटईने, अर्ध्या पिकाच्या वाट्याने कसायला दिल्यापासून तो स्वतःला माझा पालक समजतो. आता माझ्याकडूनही ऐक. आपला हवालदार सकाळी उठताना कण्हतो. पुढचे पाय टेकून बसतो, मागचे उचलत नाहीत, मग माझ्याकडे बघतो आणि कसाबसा उठतो. वावराच्या टोकाच्या बांधापर्यंत, धुऱ्यापर्यंत येतो अजून, पण पूर्वी माझ्या पुढे असायचा, आता मागे असतो. जानराव म्हणतो, बाई, बारा वर्साचं कुत्रं हाय, त्याले कायचा आला संधिवात, म्हातारपण हाय ते, काहून डाक्टरच्या मांग लागून राह्यल्या? मी त्याला विचारलं, तुझा गुडघा धरतो तेव्हा तू म्हातारपण म्हणून गप बसतोस की वाशीमला जाऊन सुई टोचून घेतोस? त्यावर तो तूर बघायला निघून गेला.

एक चूक होता होता राहिली. माझ्या गुडघ्याची गोळी अर्धी करून भाकरीत घालणार होते. तेवढ्यात बसथांब्यावर संघदीप भेटला. माझ्या चौथीच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा तो, आता शिरपूरला जनावरांचा डॉक्टर आहे. त्याने हातच जोडले. म्हणाला, बाई, माणसाची दुखण्याची गोळी कुत्र्याच्या पोटात गेली तर आतड्याला जखमा होतात, किडनी जाते. त्याचं औषध वेगळं असतं, मी बघतो. रविवारी येतो म्हणाला आहे.

आपला करार मी विसरलेले नाही. तीन वर्षांपूर्वी तुझे बाबा गेले तेव्हा तू मला नागपूरला न्यायला आली होतीस. मी म्हटलं होतं, हवालदार माझ्यासोबत धुऱ्यापर्यंत चालतो आहे तोवर मी एकटी नाही. ज्या दिवशी तो थांबेल त्या दिवशी पेटी भरीन. तू तो शब्द माझ्याकडून दोनदा वदवून घेतलास. तर ऐक, तो थांबणार नाही. मी त्याला थांबू देणार नाही.

पवनरावांना आशीर्वाद. माया आहे तेवढीच राहू दे, काळजी थोडी कमी कर.

तुझी,
आई

नागपूर,
दि. २० नोव्हेंबर २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवरचे तुझे सगळे होकार मी मोजून ठेवले होते. त्यातला एक कानाच्या डॉक्टरकडे येण्याचा होता. तोही रद्द समजायचा का?

हवालदाराचं वाचून वाईट वाटलं. त्याला जऊळका स्टेशनवरून पिशवीत घालून मीच आणलं होतं आणि पहिल्याच दिवशी त्याने बाबांची चप्पल ताब्यात घेतली म्हणून नाव पडलं, हे जानरावकाकांना सांग. तो नुसतं कुत्रं नाही. संघदीपदादा सांगेल ते सगळं कर. रक्त तपासायला सांगेल तर तेही कर, त्यात हात आखडू नकोस.

पण आई, एक लिहिते, रागावू नकोस. ऑगस्टात तू पाटाच्या काठावर घसरलीस आणि उठता येईना. तेव्हा हा भुंकत राहिला म्हणून जानरावकाका धावले. उद्या तू धुऱ्यावर पडलीस आणि हा घरापाशीच कण्हत बसला असेल तर? तू त्याच्या पायांचा विचार करतेस, मी तुझ्या. खालची खोली रिकामीच आहे. खिडकीतून कडुनिंब दिसतो. मी आग्रह करत नाही, फक्त करार तूच केला होतास एवढी आठवण देते.

पवनचा नमस्कार. तो म्हणतो, सासूबाई आल्या तर माझी शुद्ध मराठी सुधारेल. तुझा हात पाठीवर असाच असू दे.

तुझी,
योगिनी

जऊळका,
दि. ५ डिसेंबर २०२५

चि. सौ. योगिनीस,
अ. उ. आ. वि. वि.

हवालदार धुऱ्यापर्यंत गेला, आणि माझ्या पुढे गेला. हे आधी लिहिते, म्हणजे बाकीचं पत्र तू निवांत वाचशील.

संघदीपने त्याचे मागचे पाय वाकवून बघितले. खुब्याचे सांधे झिजले आहेत म्हणाला. हे बरं होणारं दुखणं नाही, पण दुखणं कमी करता येतं. गोळीचं माप वजनावर ठरतं, म्हणून वजन हवं. हवालदार काट्यावर उभा राहीना. शेवटी आडतीवर जानराव एकटा काट्यावर चढला, मग हवालदाराला उचलून चढला, आणि आम्ही वजाबाकी केली. कुत्रं सव्वीस किलो भरलं. जानराव एक्कावन्न. इतकी वर्षं तो सत्तर किलोचा आहे असं सांगून पोती उचलायची पैज लावत होता, ते सगळ्या आडतीला कळलं. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

रक्त तपासून घेतलं. लिव्हर, किडनी ठीक निघाली, मग गोळी सुरू झाली. मेलॉक्सिकॅम नाव आहे. संघदीपने नियम सांगितले आणि मी ते फळ्यावर लिहावे तसे भिंतीवर लिहिले. दिवसातून एकच. पोटात भाकर गेल्यावरच. दुसरी कुठलीही दुखण्याची गोळी सोबत नाही. उलटी झाली, जेवण टाकलं किंवा काळी शी झाली तर गोळी बंद आणि त्याला फोन. पाचव्या दिवसापासून कण्हणं कमी झालं. दहाव्या दिवशी त्याने हरभऱ्यात शिरलेल्या रोह्यावर, नीलगाईवर, भुंकून बघितलं. रोही हललं नाही, पण प्रयत्न महत्त्वाचा.

एकादशीला मात्र मी गोळीलाही सुट्टी देते. तुला माहीतच आहे, आपल्याकडे त्या दिवशी चूल पेटत नाही आणि बाबांच्या वेळेपासून हवालदारही उपास धरतो. गावात अजून कौतुक करतात, मास्तरीणबाईचं कुत्रं एकादशी करते म्हणून. पंधरा दिवसांतून एकदा गोळी चुकली तर काय बिघडतं? संघदीपला हे सांगितलं नाही. तो उगीच व्याख्यान देईल.

यंदा संक्रांत आणि एकादशी एकाच दिवशी आली आहे. चौदा जानेवारीला ये. त्याला धुऱ्यापर्यंत चालताना डोळ्यांनी बघ आणि मग खोलीचं बोल. मी तयार आहे. तोही आहे.

लोभ आहेच, विश्वासही ठेव.

तुझी,
आई

नागपूर,
दि. १८ जानेवारी २०२६

ती. आईस,
सा. न. वि. वि.

संक्रांतीच्या रात्रीच सुखरूप पोचलो. तिळाचे लाडू पवनने गाडीतच अर्धे संपवले.

आई, मी हरले. गाडी फाटकात शिरली आणि हवालदार पळत आला, ते बघून मला रडू आलं. मनात मी धरून आले होते की तो पडून असेल आणि मी तुला समजावून, चुचकारून, वेळ आली तर भांडून घेऊन येईन. त्याऐवजी तो तुझ्या पुढे, शेपटी वर करून, धुऱ्यापर्यंत गेला आणि परत आला. पवनने मोबाइलवर काढलं आहे, आम्ही रोज बघतो. अशी गोळी निघाली आहे हे मला माहीतही नव्हतं.

मी शब्द पाळणारी आहे. पुढच्या संक्रांतीपर्यंत नागपूरचं नाव काढणार नाही. खालची खोली माझ्या ऑफिसातल्या रंजीताला राहायला देणार आहे, ती एक तारखेला सामान आणते. तू निश्चिंत राहा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मीही निश्चिंत झोपले.

हवालदाराला माझ्यातर्फे कानामागे खाजव. आशीर्वाद कमी पडू देऊ नकोस.

तुझी,
योगिनी

जऊळका,
दि. २२ जानेवारी २०२६

चि. सौ. योगिनीस,
अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र मी तीन वेळा फाडलं. चौथ्यांदा लिहिते ते पोस्टात टाकणार आहे. रंजीताला खोली देऊ नकोस.

तू पाहिलंस ते खरं नव्हतं. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात थंडी पडली आणि हवालदार पुन्हा जखडला. संक्रांतीच्या सकाळी उठून बघते तर मागचा उजवा पाय टेकवेना. तुम्ही दहाला पोचणार होता. एकादशी म्हणून गोळीची सुट्टी होती, पण सुट्टी दिली असती तर तो फाटकापर्यंतही आला नसता. मी एक गोळी दिली. तासाभराने फरक दिसेना, तेव्हा दुसरी दिली. चूल पेटलेली नव्हती. पोटात भाकरीचा तुकडा नव्हता. भिंतीवरचे नियम माझ्याच अक्षरात समोर होते.

तो पळाला. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी त्याने भाकर हुंगली आणि तोंड फिरवलं. मग उलट्या. तिसऱ्या दिवशी शी डांबरासारखी काळी. संघदीप मोटारसायकलवर आला. त्याने विचारलं, काय दिलं? मी सांगितलं. त्याने आधी सलाईन लावलं. मग म्हणाला, बाई, आमी पाढा चुकलो तर तुमी हात पुढं करा म्हनत होत्या. आता सांगा, मी काय म्हनू? हात पुढे करावासा वाटला, खोटं नाही सांगत.

गोळी बंद आहे. पोटाचं औषध चालू आहे. दुखण्यावर काही देता येत नाही, म्हणून त्याला सगळं दुखणं तसंच सोसावं लागतं. पोटाखाली टॉवेल घालून मी एका बाजूने आणि जानराव दुसऱ्या बाजूने उचलतो आणि बाहेर नेतो. जानरावने पोत्यात भुसा भरून गादी केली आहे. मी म्हटलं, तू तर म्हणत होतास म्हातारपण आहे. तो म्हणे, म्हातारपण हायच बाई, पन तुमी त्याले जवान करून राह्यल्या होत्या ना.

करार मी मोडला. तो थांबला आहे, तेव्हा ठरल्याप्रमाणे मला यायला हवं. पण तो उठेपर्यंत मी येणार नाही. त्याला या अवस्थेत टाकून येणं ही वरून आणखी एक चूक होईल. तुला जे बोलायचं ते बोल. मला ऐकू येत नाही, पण वाचता येतं.

तुझ्या मायेवर आज माझा हक्क सांगवत नाही.

आई

नागपूर,
दि. २९ जानेवारी २०२६

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पहिले दोन दिवस मी फार रागावले होते. पवनलाही तुझ्या वाटणीचं बोलून घेतलं. मग मोबाइलवरचं ते चित्रण पुन्हा लावलं. आता त्यात मला शेपटी दिसत नाही, तो मध्ये एकदा थांबून खाली बसायला बघतो ते दिसतं. तेव्हाही दिसत होतं. मला बघायचं नव्हतं, कारण मला निश्चिंत व्हायचं होतं.

गोळ्या तू दिल्यास, पण परीक्षा मी लावली होती. एका मुक्या जिवाच्या पायांवर आपण दोघींनी तुझं राहणं टांगलं. त्याला विचारलं कोणी? करार आजपासून बाद. तुझ्या बाजूनेही आणि माझ्याही.

रंजीताला दुसरीकडे खोली मिळाली आहे. आमची रिकामी राहील, पण तिचं ओझं घेऊ नकोस. मला एवढंच लिही, हवालदार मध्ये नसता तर तुला काय हवं असतं? आणि एकटी असताना पडलीस तर काय करायचं, याचंही उत्तर लिही. ते मला पटलं पाहिजे.

त्याला आधी बरा कर. मी रागावले तरी तुझीच आहे, हे ध्यानात असू दे.

योगिनी

जऊळका,
दि. १६ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. योगिनीस,
अ. उ. आ. वि. वि.

हवालदार खातो आहे. रक्त पुन्हा तपासलं, किडनी वाचली. संघदीपने आठवड्यापूर्वी गोळी पुन्हा सुरू केली, मात्रा कमी, सोबत पोटाचं औषध, आणि दर महिन्याला रक्त तपासायचं. परवाच्या एकादशीला मी चूल पेटवली. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून पहिल्यांदा. मी उपाशी राहिले, त्याला भाकर घातली, मग गोळी. शेजारच्या वावरातली हिरीबाई दारातून बघून म्हणाली, बाई, कुत्र्यानं एकादशी सोडली वाटते! मी म्हटलं, धरली होती कधी त्याने? आपणच धरायला लावली होती.

तो आता फाटकापर्यंत जातो. तिथे बसतो. त्याहून पुढे मी त्याला नेत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मला इथे राहायचं आहे. मला या वावराची सकाळ लागते आणि इथे अजून चार माणसं मला बाई म्हणून हाक मारतात, म्हणून. तीन वर्षं हे साधं वाक्य मला तुझ्यापुढे म्हणवलं नाही, म्हणून मी कुत्र्याला पुढे केलं.

एकटी असताना पडले तर काय, त्याचंही. हिरीबाईचं वावर आपल्या धुऱ्याला लागून आहे. आजपासून रोज सकाळी मी तिथून हात दाखवायचा. आठपर्यंत मी दिसले नाही तर ती आणि जानराव बघायला येतील, असं तिघांत ठरलं आहे. पाटाच्या काठाने जाणं सोडलं, लांबून जाते. कानाच्या डॉक्टरकडे यायला तयार आहे, मार्चमध्ये वेळ घे. हा होकार ऐकून दिलेला आहे, मोजून ठेव. आणि ज्या दिवशी मला हे झेपणार नाही, त्या दिवशी मी स्वतः लिहीन. दुसऱ्या कोणाच्या पायांवर बघू नकोस.

आज सकाळी मी पहिल्यांदा एकटी धुऱ्यापर्यंत गेले. हवालदार फाटकाशी बसून राहिला. काठी टेकत, हरभऱ्याच्या कडेने, थांबत थांबत गेले. धुऱ्यावर उभी राहून हिरीबाईला हात दाखवला आणि परत फिरले.

पुढच्या वेळी येशील तेव्हा त्याला पळवून बघू नकोस. मला चालवून बघ. त्या सकाळी मी जास्तीचं काही घेतलेलं नसेल, आणि पोटभर जेवलेली असेन.

पवनरावांना आशीर्वाद. माझ्यावर लोभ ठेव, आणि आता जरा भरवसाही.

तुझी,
आई