तांबडीला पाजलेलं पाणी

पोरी,

कुलूप उघडण्याआधी हे वाच. खुराड्याकडे फिरकूही नकोस. सकाळपासून चार कोंबड्या गेल्या. उरलेल्यांना पाणी ठेवलंय, वर ओली पोती टाकलीत, तेवढं पुरे.

पिसं झडतायत, ऊन फार आहे, असंच धरून बसले मी. तू म्हणालीस डॉक्टरांना दाखवू, तर तुलाच झापलं, चार बुकं शिकलीस म्हणून मला कोंबड्या शिकवू नकोस. शेवटी आज गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, नुसती पिसं झडताना तुरा काळानिळा पडत नाही. मग विचारलं, घरात कुणाला ताप आहे का? मी नाही म्हटलं.

परवा तांबडी चोच उघडेना, तेव्हा मी तिला माझ्या तोंडाने पाणी पाजलं होतं. आता ओरडू नकोस.

तू मावशीकडे जा. तिथून डॉक्टरांना फोन कर आणि सांग, आई खोटं बोलली.

पुढे कुलूप घालून मी मागच्या दाराने मागच्या खोलीत आलेय, आतून कडी लावलीय. हाक मात्र मारू नकोस. तुझा आवाज ऐकला की मला राहवणार नाही, मी दार उघडेन.

आई