ओसरी, स्टूल आणि जुनी लुगडी

मी केशव बल्लाळ पोंक्षे, वय सत्तावन्न, धंदा हाडे बसवणे, राहणार दहिवली, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली नसताना आणि सकाळचा चहा घेऊन झाल्यावर हे मृत्युपत्र लिहून ठेवतो ऐसाजे.

प्रथम एक तक्रार. ज्या स्टुलावर बसून हे लिहीत आहे, त्याचा एक पाय आखूड आहे. शेजारचा गजा सुतार 'उद्या करतो, भटजी' असे गेली अकरा वर्षे सांगत आहे. कर्जत-खालापूरचे मोडलेले पाय ज्या ओसरीवर सरळ होतात, तिथे घरचे स्टूल लंगडते, ही गोष्ट मी न्यायासनाच्या निदर्शनास आणू इच्छितो.

कलम १. सदर स्टूल माझ्या पश्चात गजाने घरी न्यावे आणि रोजचा चहा त्यावर बसूनच प्यावा. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष घालू नये असे म्हणतात. पण ही मिळकत नसून शिक्षा आहे, सबब गजा साक्षीदार राहू शकतो.

कलम २. माजघर, स्वयंपाकघर, परसातले दोन फणस आणि पोस्टातली शिल्लक माझी पत्नी आनंदीबाई हिची. शिल्लक किती, हे माझ्यापेक्षा तिलाच चांगले ठाऊक आहे.

कलम ३. पोथ्या गावातल्या शाळेला द्याव्यात, हाडांचा भिंतीवरचा तक्ता मात्र देऊ नये. पाठशाळेत मी अस्थी पाठ केल्या त्या तीनशे. पुढे हा तक्ता आणला, तर त्यात दोनशे सहाच निघाल्या. उरलेल्या चौऱ्याण्णव कोणी नेल्या याचा घोर मला कित्येक महिने होता. आपले पूर्वज दात आणि कूर्चाही हाडांतच धरीत, असे कळले तेव्हा कुठे चैन पडली. तक्ता भागीला द्यावा. ती कोण, ते पुढे येते.

कलम ४. हे कलम कोणाला काही देत नाही. मला काय मिळाले, ते सांगते.

सन १९५२ मध्ये मी वरीलपैकी एका फणसावरून पडलो आणि उजवा खांदा निखळला. मला माथेरानच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीत हाडे बसवणाऱ्या मोतीबाईकडे नेले. मी वेदनेतही तिला सांध्यांचे प्रकार संस्कृतात सांगत होतो. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "एवढी पोथी वाचलीस, मंग पोथीत फनस उतरवायचं लिवलेलं नव्हतं का रं भटा?" मला हसू फुटले. त्याच क्षणी तिने हात ओढला आणि खांदा जागेवर गेला.

स्नायूला ओढणे तेवढे येते, ढकलणे येत नाही. हाड सरकले की भोवतालचे स्नायू घाबरून ते आवळून धरतात. आपण जोर केला की ते आणखी आवळतात. पण माणूस हसला की क्षणभर त्यांना विसर पडतो, आणि तेवढ्या वेळात हाड घरी जाते. हे मला कोणत्याही पोथीत सापडले नव्हते. पुढे नऊ वर्षे मी दर आठवड्याला वाडीवर जाऊन मोतीबाईच्या शिव्या शिकलो.

कलम ५. गोमा. हे कलम त्याच्या मागणीवरून लिहीत आहे.

१९६१ साली गोमा माथेरानला हातरिक्षा ओढायचा. उतारावर पडला आणि उजव्या हाताची कोपराखालची दोन्ही हाडे मोडली; त्याला माझ्याकडे आणले. मोतीबाईने मला जुन्या लुगड्यांच्या पट्ट्यांचे गाठोडे देऊन ठेवले होते. कोणाकोणाची नेसून झालेली लुगडी ती! मला ती ओवळी वाटली. मी गाठोडे खुंटीला टांगले, बाजारातून कोरा मांजरपाट आणला, काढ्यात भिजवला आणि बांबूच्या कामट्यांवर आवळून बांधला. कोरे कापड भिजले की आटते. हे आनंदीबाईला माहीत होते, शिंप्याला माहीत होते, मला नव्हते.

दुसऱ्या दिवशी गोमा म्हणाला, "भटजी, बोटांना मुंग्या येतायत." मी म्हणालो, "हाड जुळताना येतात." तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मुंग्या गेल्या." आम्ही दोघेही खूश झालो. चौथ्या दिवशी मोतीबाई आली. तिने त्याचे नख दाबून सोडले, रंग परत येईना. विळ्याने सारे कापड कापून टाकले. म्हणाली, "हाड बसलंय रं भटा. पर हात ग्येला."

शीर अशी सतत आवळली की आधी ओरडते, मग गप्प होते. ती गप्प झाली त्याला मी बरे होणे समजलो. रक्ताविना स्नायूही सुकून आखडले आणि गोमाची बोटे आकड्यासारखी वाकली, ती कायमची.

आता गोमा रस्त्यावर चहाचे दुकान चालवतो. त्या बोटांत ग्लास धरून मला दाखवतो. "बघा, कसा बराबर बसतो! तुमी माप घिऊनच वाकवलीत." मी त्याला नदीकडचे भाताचे शेत देऊ केले. म्हणाला, "जमीन नको. ते कोरं कापड कुठंतरी लिवून ठेवा, शिक्क्याच्या कागदावर." लिहिले. शेत आनंदीबाईचे.

कलम ६. मोतीबाई आठ वर्षांपूर्वी वारली. तेव्हापासून तिची मुलगी भागी माझ्याबरोबर काम करते. लोक ओसरीवर येऊन माझ्यापुढे हात करतात, आणि हाड अवघड असले की मी भागीला परसदारातून हाक मारतो. ती बसवते, नमस्कार मला होतो. ही लबाडी मी आठ वर्षे चालू दिली.

सबब ओसरी, तिच्या पुढच्या पायऱ्या, कामट्या आणि तक्ता भागीला तहहयात देतो. येणाऱ्याने पुढच्या पायऱ्यांनीच चढावे. तिला मागच्या दाराशी बोलावणाऱ्याने आपले हाड घेऊन खुशाल परत जावे. पट्ट्यांसाठी घरातल्या जुन्या लुगड्यांची ट्रंकही तिचीच.

हे वाचून दाखवल्यावर आनंदीबाई म्हणाली, "लुगडी माझी आणि मृत्युपत्र तुमचं?" मग म्हणाली, "द्या. पण हिरवं इरकली त्यात घालू नका, ते मी अजून नेसते." त्याप्रमाणे हिरवे इरकली वगळले आहे.

येथे मृत्युपत्र संपायला हवे होते.

चैत्रापासून माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर आहेत. मनगटात शीर दबली आहे, असे डॉक्टर म्हणतात. श्रावणात जिजा नावाची मुलगी मनगट मोडून आली. मी ते ओढले, चाचपले आणि म्हणालो, "बसलं." भागीने माझ्या हातावर हात ठेवला. "नाय बसलं, भटजी." तिचे बरोबर होते. तिने ते नीट बसवले. मुलगी गेल्यावर तिने माझ्या बोटाच्या टोकाला चिमटा काढला आणि विचारले, "लागलं?"

मी हो म्हणालो. लागले नव्हते.

मरणाचे मला फारसे काही वाटत नाही. पण मृत्युपत्र मेल्यावरच लागू होते, आणि मी अजून बरीच वर्षे जगेन अशी लक्षणे आहेत. उद्या कोणी मोडलेला हात घेऊन पायऱ्या चढला, तर भागीला हाक मारण्याआधी माझाच हात पुढे होईल, याची मला भीती वाटते.

स्थळ : दहिवली
तारीख : ९ नोव्हेंबर १९७६

केशव बल्लाळ पोंक्षे
(सही डाव्या हाताने केली आहे.)

साक्षीदार :
१. गजा सुतार, सही. (स्टूल उद्या करतो.)
२. गोमा, चहावाले, डाव्या अंगठ्याचा ठसा.