सुंदर अक्षरातली नोटीस

माय, तू सरपंच होतीस त्या उन्हाळ्यात गावातली पोरं उलट्या-जुलाबाने आजारी पडली, तो दिवस परवापासून सारखा डोळ्यांपुढे येतो आहे. ग्रामसेवक आपल्या ओट्यावर बसून सांगताहेत, "सरपंचबाई, पाण्याचं नाव काढू नका. शिळं खाल्लं असेल म्हणू." मी तेव्हा बारावीत, गावात माझं अक्षर नावाजलेलं. 'टाकीचे पाणी पिण्यास योग्य आहे' अशी नोटीस मीच लिहिली. तू भाकरीच्या पिठाच्या हातांनी ती घेतलीस, वाचलीस आणि म्हणालीस, "तुन्हं अक्षर भलतं सुंदर शे, पन कागद खोटा शे." मग हात न धुताच मारुतीच्या देवळात जाऊन भोंग्यावर बोलू लागलीस. "टाकीनं पानी पेऊ नका. टाकी धोवानं मन्हाकडथून ऱ्हाई गयं. पोरं मन्हामुये बिमार पडनात." लाजेने मी दोन दिवस घराबाहेर पडले नाही. पुढच्या निवडणुकीत तू पडलीस. पोरं तुझ्यामुळे आजारी पडली, हे तुझंच वाक्य विरोधकांनी गल्लोगल्ली ऐकवलं. त्या दिवसानंतर एकही नवं पोर आजारी पडलं नाही, हे मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही. माझ्याही नाही.

आता मी नंदुरबारला एका दूध डेअरीत आहे. डेअरीचं नाव सांभाळायचं, एवढंच माझं काम. गेल्या आठवड्यात दूध थंड ठेवणारं यंत्र बंद पडलं, तरी दूध बाजारात गेलं आणि काही घरांतली माणसं आजारी पडली. मालक म्हणाले, "मॅडम, इतक्या लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे. नाव वाचवा." मालक काही वाईट माणूस नाही, माय. मी एकदा म्हणून पाहिलं, "दूध परत मागवू या." त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. दुसऱ्यांदा म्हणायचं मला धाडस झालं नाही. मग मी लिहिलं : आमचे दूध पूर्णपणे सुरक्षित आहे, नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. पेपरात छापून आलं, तक्रारींचे फोन थांबले. मालकांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, आणि खरं सांगते, मला ते आवडलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच एवढं लिहिते. ते निवेदन पेपरला देण्याआधी मी खांडबाऱ्याला धाकटीला फोन केला होता. म्हटलं, "दोन दिन आम्हनं दूध लेऊ नको."

"काबरं, ताई?"

"आसंच," म्हटलं, आणि फोन ठेवला.