सण नसलेल्या वर्षातली निमित्तं

२२ सप्टेंबर, सोम.

आज घट बसले. आपल्याकडे नाहीत. आषाढात सासरे गेले, अण्णा. म्हणजे वर्षभर सण नाही. घट नाही, दसऱ्याला पोळी नाही, दिवाळीला कढई चढवायची नाही. सगळं माहीत होतं. तरी सकाळी वरच्या आळीतून आरती ऐकू आली आणि तव्यावर भाकरी करपली.

सासूबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी त्यांना लग्नापासून आत्याच म्हणते. निवडून झालेलं सूप पुन्हा पुढे ओढलं त्यांनी. मी बघून न बघितल्यासारखं केलं. बोलतातच कुठं त्या हल्ली. हं, न्हाई, ठेव तिथं. एवढंच.

दूर्वा शाळेला निघताना विचारते, "आई, सण न्हाई म्हंजे चांगलं काईच करायचं न्हाई का?"

"सण करायचा न्हाई. बाकी करायचं."

"बाकी म्हंजे काय?"

आठ वर्षांची पोर. तेवढ्यात शाळेची घंटा झाली म्हणून सुटले.

दिवसभर मशीनवर. गावातल्या बायकांचे दसऱ्याचे ब्लाउज आमच्याच घरात शिवले जातायत. जरीचे दोरे उडून आत्यांच्या साडीवर पडतात. त्या झटकत पण नाहीत.

२६ सप्टेंबर, शुक्र.

गाय व्याली! कालवड झाली. कपाळावर पांढरा ठिपका, पाय नुसते लटपट. हे टेम्पो घेऊन भोरला निघाले होते ते परत गोठ्यात. दूर्वा दारात नाचत होती, शाळा बुडाली तिची.

चीक काढला. गूळ, वेलदोडा घालून खरवस लावला. लावताना मनात आलं, चालेल का? मग म्हटलं गाय काय आपला दुखवटा बघून थांबणार होती? तळण नाही, पुरण नाही, दारात रांगोळी नाही. नुसता खरवस.

संध्याकाळी सगळे एकत्र जेवलो. लिहिताना लक्षात आलं, अण्णा गेल्यावर आम्ही एकत्र बसलोच नव्हतो. हे येतील तेव्हा जेवतात, आत्या चुलीपाशी एकट्या, मी उभ्याउभ्या.

आत्यांनी वडी हातात घेतली आणि दूर्वाच्या ताटात टाकली. "मला नगं." पण उठून गेल्या नाहीत. सगळ्यांचं होईपर्यंत बसल्या.

दूर्वाला उत्तर मिळालं म्हणे. "बाकी म्हंजे हे!"

२ ऑक्टो., गुरु. दसरा.

ह्यांनी अण्णांचा विळा, कोयता, नांगराचा फाळ पुसून तेल लावून ठेवला. फूल वाहिलं नाही. आत्या भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. मी दुपारी मशीनवर बसले आणि नुसतीच बसले.

एवढंच आज.

५ ऑक्टो., रवि.

एसटी वर आली. पावसाळ्यात रस्त्याची कड वाहून गेली तेव्हापासून गाडी खालच्या फाट्यावरूनच माघारी जायची. म्हातारी माणसं, भोरच्या कॉलेजातली पोरं, सगळ्यांचे पाय चढणीला लागलेले. आज हॉर्न थेट देवळापाशी! आम्ही हातातली कामं टाकून पळालो. कंडक्टर हसून म्हणतो, "अवो, एसटी हाय, वरात न्हाई."

ह्यांना फोन केला तर येताना जिलबीच घेऊन आले. मी बघतच राहिले. म्हणाले, "सण म्हणून न्हाई. एसटी आली म्हणून."

ओट्यावर बसून खात होतो आणि नेमक्या काकी आल्या. अण्णांच्या थोरल्या भावजय, पलीकडचं घर. कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वरीस बी झालं न्हाई आन् तुमच्यात जिलब्या? त्यो मानूस काय परका व्हता का? भावकीत तोंड दाखवायचं हाय आमाला."

दूर्वाने अर्धी जिलबी मुठीत लपवली. पाक कोपरापर्यंत ओघळला. काकी गेल्या तरी तिने मूठ उघडली नाही.

आत्या आत होत्या. सगळं ऐकलं असणार.

६ ऑक्टो., सोम.

हे म्हणाले, "काकी बोलली ते बोलली. पर जरा दमानं घेऊ." म्हणजे बंद. मलाही वाटलं चुकलंच. अण्णांची आठवण आम्हाला कमी आहे असं दिसलं असेल का? दिवसातून दहादा दचकते मी. टेम्पोचं दार वाजलं की वाटतं ह्यांच्या मागून अण्णा उतरतील, तंबाखू चोळत. पण ते काकींना कसं दाखवायचं.

कोजागिरी आज. दूध आटवलं नाही. चांदणं अंगणभर होतं, त्याला कोण काय बोलणार.

९ ऑक्टो., गुरु.

दूर्वा गप्प आहे. दात पडला तिचा, आणि तिने सांगितलंसुद्धा नाही. केर काढताना मला दगडाखाली पुडी सापडली. विचारलं तर म्हणते, "सांगितलं असतं तर तू कायतरी गोड केलं असतंस. मंग काकीआजी वरडली असती."

न्हाणीत जाऊन रडले.

१२ ऑक्टो., रवि.

आज बरं वाटतंय.

सकाळी चहा ओतत होते. आत्या पडवीतून म्हणाल्या, "आज काय न्हाई का?"

मला कळेना. "काय आत्या?"

"पोरगी आठ दिस झालं गप हाय. काय कराचं न्हाई का तिच्यासाठी?"

मी म्हटलं, काकी म्हणाल्या म्हणून…

"ती म्हनली. म्या कुठं म्हनलं?" आणि मग उठल्या, गुळाचा डबा स्वतः खाली काढला. "खालच्या खाचरात लोंब्या वाकल्यात म्हनं. त्यो सांगत व्हता काल. खीर कर तांदळाची. भात भरलं की खीर करायची आपल्यात. ह्यांनीच लावली ती रीत."

अण्णांनी? तेरा वर्षं झाली मला या घरात, मी कधी बघितली नाही अशी खीर. ह्यांना विचारलं तर हे पण डोकं खाजवतात. दूर्वा म्हणते, "मंग आजी खोटं बोलली?" मी म्हटलं, आजी खोटं कशाला बोलेल.

खीर झाली. आत्यांनी काकींच्या घरी वाटी पाठवली. पाठवताना दूर्वाला बजावलं, "सांग, आजीनं दिलीय." वाटी रिकामी परत आली.

आत्यांनी खीर खाल्ली. दोन चमचे असतील. खाताना डोळे पुसत होत्या आणि दूर्वाच्या तोंडातलं खिंडार बघून हसत पण होत्या.

१६ ऑक्टो., गुरु.

उद्या वसुबारस, लोकांची. घरात ब्लाउजचा ढीग. आत्या हुक लावायला बसल्या माझ्याजवळ. न सांगता. सुई ओवायला दूर्वा. कालवडीचं नाव काय ठेवायचं यावर दोघींचं भांडण. आजी म्हणते चांदी, ही म्हणते परी. कालवड कुठल्याच नावाला बघत नाही.

२१ ऑक्टो., मंगळ. लक्ष्मीपूजन.

कंदील नाही. कढई नाही. तुळशीपाशी रोजचा दिवा, तेवढाच. दूर्वाने हट्ट केला नाही, तेच जास्त लागलं.

दुपारी काकी आल्या. ताटावर पदर झाकलेला. करंज्या, शंकरपाळी, चकल्या. असं करायची पद्धतच आहे म्हणा, पहिल्या वर्षी भावकीतून फराळ येतो. पण काकी ताट ठेवून परत गेल्या नाहीत. आत्यांसमोर भिंतीला टेकून बसल्या. मग काकीच फुटल्या.

"तुला खीर खाताना बघितलं ना त्या दिशी खिडकीतनं, तवा मला राग न्हाई आला गं. मला वाटलं, आता म्याच उरली त्याची आठवण काडनारी." म्हणाल्या, लग्न होऊन आले तेव्हा मी पंधराची. माहेरची आठवण आली की हा दीर, असाच दूर्वाएवढा, रानातनं करवंदं आणून द्यायचा पदरात.

आत्या म्हणाल्या, "मला कदी सांगितलं न्हाई त्यांनी."

"सांगायला काय, त्यालाच आठवत नसंल."

मग सुरूच झालं. अण्णा असे, अण्णा तसे. एकदा म्हशीवरून पडले ते, मेव्हण्याच्या लग्नात रुसले ते. दोघी हसता हसता रडायच्या, मग परत हसायच्या. मी आणि दूर्वा दारात बसून करंज्या खात ऐकत होतो. आजचा दिवस काय म्हणून धरायचा ते मला ठरवता आलं नाही. दूर्वा म्हणाली, "गोष्टींचा."

२८ ऑक्टो., मंगळ.

पाऊस. ह्या दिवसांत! काल-परवा कापलेलं भात खाचरात पसरून वाळत होतं. दुपारी घाटाकडून आभाळ काळं होत आलं आणि बघता बघता टपोरे थेंब. हे भोरला. मी शेजाऱ्यांना हाका मारत पळाले, ताडपत्री ओढत. चिखलात पाय रुतत होते, पेंढ्या कवेत धरल्या की पाणी ठिबकायचं.

तेवढ्यात मागून आवाज. "अगं तिकडं कशाला पळतीस! वरचं ऱ्हाऊ दे, बांधाकडचं उचल आदी, तिथं पानी साचतं!"

आत्या. अण्णांची घोंगडी डोक्यावरून. आषाढापासून उंबऱ्याबाहेर फक्त गोठ्यापर्यंत जाणाऱ्या. बांधावर उभ्या राहून सगळ्यांना कामाला लावलं त्यांनी. काकींच्या सुनेला, शाळेतून आलेल्या दूर्वाला, मला. हे टेम्पो वाटेतच लावून धावत आले तर त्यांच्यावरही ओरडल्या, "आता आला व्हय! धर त्ये टोक!" हे टोक धरून हसायला लागले. भर पावसात. मला वाटलं डोकं फिरलं ह्यांचं.

निम्मंअधिक वाचलं असेल. खालच्या खाचरातलं भिजलंच.

३० ऑक्टो., गुरु.

भिजलेल्या पेंढ्यांना कोंब फुटायला लागले. हे हातात घेऊन बघत बसले होते. वाईट वाटतं. वर्षाचं खायचं भात, आणि अण्णांच्या माघारी ह्यांचं पहिलं पीक. म्हणाले, "अण्णा असते तर आभाळ बघून कापलंच नसतं."

आत्या म्हणाल्या, "त्यांचं बी भिजलं व्हतं. दोनदा. दुसऱ्यांदा तू पाळन्यात व्हतास. त्या साली नाचनी खाऊन काडली. मेलो का आपन?"

आज नाचणीची भाकरी आणि पिठलं. ठरवून. वर कच्चा कांदा. ह्यांनी चार भाकरी खाल्ल्या.

९ नोव्हें., रवि.

ऊन चांगलं पडलंय. खळ्यावर भात झोडतोय. आत्या पाखडायला बसल्या, दूर्वा त्यांच्या पुढ्यात. शाळेत बाईंनी मुलांचे वाढदिवस विचारले, त्यावरून सुरू.

"आजी, तुजा वाडदिवस कवा असतो?"

"आधार कार्डावर एक जून हाय. मास्तरांनी टाकला तसा."

"त्यो सगळ्यांचाच असतो. खरा सांग ना."

"खरा कुनाला ठावं? माजी आई सांगायची, भात झोडता झोडता पोटात कळा आल्या. खळ्यावरनंच उचलून घरात नेली तिला."

दूर्वाने खळ्याकडे बघितलं. मग आजीकडे. "म्हंजे… आत्ताच की!"

आत्यांचं सूप थांबलं. "व्हय गं," म्हणाल्या हळूच. "असाच एकादा दिस असंल."

"मंग कोन्ता धरायचा?"

मला वाटलं आता म्हणतील, वर्ष होऊ दे. ह्यांनाही तेच वाटलं असणार, कारण हे माझ्याकडे बघायला लागले आणि म्हणाले, "आई, भावकीत काय सांगायचं मग?"

आत्यांनी सूप परत हलवायला घेतलं. कोंडा वाऱ्यावर उडाला, आमच्या सगळ्यांच्या केसांत.

"सांग, म्हातारी जल्माला आली म्हनून."

दूर्वा तेव्हापासून दिवस ठरवतेय. आधी म्हणाली उद्याच. मग म्हणाली शनिवार, सकाळची शाळा असते. आता म्हणते रविवार बरा, काकीआजी पण मोकळी असती. आजीचं एकच म्हणणं आहे, आधी भात घरात जाऊ दे. आणि केक नको, तो तोंडात चिकटतो.

अजून काही ठरलेलं नाही.