शाळेचे जाजम कापू नये

मी तुळजाबाई, कै. किशनरावांची पत्नी, राहणार कसबे रेणापूर, वय साठीच्या पुढे. डोके ठिकाणावर आहे, जीभ नेहमीसारखीच तिखट आहे. कुणाच्या दाबाने नव्हे, स्वतःच्या हट्टाने हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

कलम एक. माझ्या पाटल्या मोडून बांधलेले, माझ्याच नावचे घर शाळेकडे राहावे. शिकवण्याचा अखत्यार गुरुपादप्पा मास्तरांना. मूल कोणत्याही आळीचे, कोणत्याही बोलीचे असो, आतच बसेल. ओसरीवर फक्त चपला.

कलम दोन, जाजम. मांगवाड्यातली साखराबाई लेकीला, गिरजाला, घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "बाई, पोरगी भाईर बसंल, पर शिकू द्या." मी म्हटले, "भाईर बसून ऊन खाईल, अक्षर न्हाई शिकायची." आतल्या पोरांना एकच शब्द सांगितला, "सरका." पोरे सरकली. पोरांचे कधी अडत नाही, बापांचे अडते.

पुढे मी लातूरच्या बाजाराला गेले होते. तेवढ्यात गावचे प्रतिष्ठित बापूसाहेब यांनी जाजम कापवले, तुकडा ओसरीवर टाकला आणि गिरजाला त्यावर बसवले. मी परत आले ती दाभण घेऊनच बसले आणि तुकडा पुन्हा जाजमाला शिवला. रागाच्या भरात तुकडा उलटा जोडला गेला, पट्टे जुळले नाहीत. मास्तर म्हणाले, उसवून नीट करू. मी नको म्हटले. ते तसेच राहावे. शिवण जाड आहे, बसणाऱ्याला बोचते. म्हणून तिच्यावर रोज निराळ्या मुलाने बसावे, पाळीपाळीने सगळ्यांना बोचू द्यावी.

कलम तीन. माझी कात्री बापूसाहेबांना द्यावी. त्यांना कापण्याची भारी हौस. धार मी दगडावर घासून घालवली आहे.

कलम चार. शेत माझा पुतण्या भुजंग याला. पोरगा गुणाचा, माझ्या आजारपणात उशापासून हलला नाही, त्याच्यावर माझा जीव आहे. पण परवा म्हणाला, "काकू, शाळा चालवतो की, पर त्येंला ओसरीवर बसवलं तर लोकं बी खूश ऱ्हातील." म्हणून अट घालते. माझ्या तेराव्याची पंगत याच जाजमावर बसावी आणि भुजंगने साखराबाईच्या शेजारी बसून जेवावे. उठला तर शेतही शाळेचे.

एवढे वाचून दाखवले तेव्हा भुजंग दारात उभा होता.  मग चपला ओसरीवर काढून म्हणाला, "मी कुठं बसू, काकू?" माझे डोळे भरून आले, ते लपवत नाही. साक्षीदारांना म्हटले, "सरका."

आज बसला म्हणून तेराव्याची अट सुटत नाही.

मुक्काम रेणापूर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सन १३५१ फसली.

सही: तुळजाबाई

साक्षीदार:
भीमाशंकर वैद्य, सही
साखराबाई, निशाणी डाव्या अंगठ्याची, जाजमावर बसून