शिंगांवरचे सोने

अमरावती, कार्तिक शुद्ध पंचमी, शके १७८६.

ह्या वहीत चौदा महिने एक अक्षर लिहिले नाही. क्षमा मागायची ती वहीचीच. न लिहिण्याचे कारण तिला ठाऊक आहे. खाली चौथ्या कलमात येईल.

मी, सूर्यभान पुंजाराम चितारी, वय पंचेचाळीस, पुण्यास कॉलेजात तीन वर्षे शिकून बापाच्या कुंचल्याकडे परत आलेला, सोन्याचा वर्ख चढविण्याचा धंदा करणारा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहितो. प्रकृती चांगली आहे. वडील ह्याच वयात गेले, म्हणून हिशेबी माणसाने आताच लिहावे, एवढेच.

एक. राहते घर, परसातली विहीर आणि साठवलेली रक्कम पत्नी गोदाबाईची. तिने मला कॉलेजात शिकलेला म्हणून वरले आणि चितारी म्हणून सांभाळले.

दोन. देव्हारे, चौकटी आणि पालख्यांवरचे माझे काम ज्याच्या त्याच्या घरी आहे. कोठे सोने उडाले असेल तर कळवावे. मी असेतो दुरुस्त करीन.

तीन. चुलतभाऊ चंद्रभान ह्याने कापसाच्या तेजीत माझ्या धंद्याला भर बाजारात 'बेगड' म्हटले. घरात उरलेले सगळे बेगड त्याला द्यावे. राग नाही. थोडा आहे.

चार. गेल्या वर्षी नांदगावच्या किसनराव पाटलांनी कापूस विकून पोळ्याला बैलांच्या शिंगांवर अस्सल सोने चढवायला सांगितले. वर्ख नबीभाईंनी कुटला. माझ्या वीस वर्षांच्या कामाला त्यांचाच वर्ख आहे. आदल्या दिवशी खांदशेकणी झाली. बैलांच्या खांद्यांना तूप चोळलेले गड्यांचे हात शिंगांनाही लागले होते. मला वास आला होता. शिंगे राखेने घासून घेणे माझे काम होते. घाईत मी तुपकट शिंगांवर तसेच वर्ख चिकटवायचे रोगण लावले.

तोरणाखाली बैलाने मान झटकली आणि सोने सोलून पाटलांच्या पागोट्यावर बसले. कोणी ओरडले, "पाटील, बैल फिका पडला अन् तुमीच सोन्याचे झाले!" सारे गाव हसले. पाटलांनी मला विचारले, "काहून झालं हे?"

मी म्हणालो, "वर्खातच खोट आहे."

तेवढे तीन शब्द. महिनाभरात अमरावतीत नबीभाईंचा वर्ख कोणी घेईना. गाव सोडून अकोल्याला जाण्याआधी ते माझ्या दारात आले. आवाज चढवला नाही. "दादा, वर्ख माहा, शिंग पाटलाचं. मंधात तुमचा हात व्हता. त्याले पुसा."

मी पुसले नाही. आज पुसून लिहितो: वर्ख निर्मळ होता. खोट माझी. माझ्या मृत्यूनंतर हे कलम नांदगावच्या चावडीवर वाचावे.

पाच. सोने घासून चमकवायचा अकीकाचा घोटा, खारीच्या केसांचे कुंचले आणि वर्ख कापायची सुरी नबीभाईंची मुलगी शकीला हिला. नुसत्या फुंकरीने वर्ख सपाट करणे मला दहा वर्षांत जमले, तिला एका पावसाळ्यात. मुलीच्या हाती हत्यारे कशी, असे कोणी म्हणाल्यास त्याने आधी एक वर्ख उचलून दाखवावा.

लिहिणार: सूर्यभान पुंजाराम. दस्तुर खुद्द.
साक्षी: रामराव, शेजारी. सही.
साक्षी: नत्थुजी सुतार. निशाणी पटाशीची.

ता. क. साक्षीदार पानसुपारी न घेताच गेले. त्यांना वाचून दाखवताना गोदाबाईने दाराआडून सगळे ऐकले होते. म्हणाली, "मेल्यावर खरं बोलणार, तं जित्तेपणी तोंडाले काय कुलूप हाये? अन् नबीभाऊच आधी गेले तं?"

 ऐकून मन हलके झाले, हे खरे. चौथ्या कलमातले शेवटचे वाक्य आत्ताच खोडले.

उद्याचे काम: गाडी जुंपून नांदगावला जाणे आणि चौथे कलम चावडीवर, पाटलांसमोर, स्वतः वाचणे.