तिवरांतला चौथा दिवा

६ फेब्रुवारी १९९५
आज रुजू झाले. चेंदणीत खाडीकाठी इमारत, गच्चीवर दुर्बीण, खालच्या खोलीत कॉम्प्युटर. गोपीनाथ सरांनी पहिल्याच चहाला काम समजावलं. हवा थरथरते म्हणून दुर्बिणीतलं चित्र फिसकटतं, आणि मोठ्या चित्राचा प्रत्येक कोपरा वेगळा फिसकटतो. म्हणून जागोजागी दिवे हवेत. प्रत्येक दिवा कसा थरथरतो ते मोजून त्याच्या भोवतालचा तुकडा साफ करायचा. ताऱ्यांआधी सराव पलीकडच्या काठावर. कोळीवाड्यातले देवरामदादा होडीने जाऊन तिवरांत पाच दिवे लावतात. मला उत्तराताय म्हणतात. जाताना ताजी कोलंबी दिली. आई खूश.

९ फेब्रुवारी
जमलं. संध्याकाळी सगळं चित्र एकदम निवळलं, तिवरांचं पान न् पान दिसलं. चौथ्या दिव्याजवळ एक बाई होती, कमरेइतक्या चिखलात, पाठमोरी. नुसत्या डोळ्यांना तिथे कुणीच नाही. मूळ चित्रातही फक्त डाग. देवरामदादा पडद्यासमोरून हलेनात. म्हणाले, ही माझी बहीण, भागीरथी. कालवं काढायला गेली ती परत आलीच नाही, त्याला तीन वर्षं झाली.

१० फेब्रुवारी
सर म्हणतात गणित चुकतंय, नसलेलं रंगवतंय. मी चौथा दिवा हिशेबातून काढला. बाई तशीच. फक्त आता तिचं तोंड आमच्याकडे आहे.

११ फेब्रुवारी
दादा ऐकेनात, होडी घेऊन गेले. गच्चीवरून पाहिलं तर दिव्यापाशी ते एकटेच. खाली पडद्यावर तिने त्यांचा दंड धरलेला. पुन्हा वर धावले. दादा दिसेनात. पडद्यावर मात्र आहेत.

१२ फेब्रुवारी
होडी रिकामी सापडली. सर पोलिसांना घेऊन पलीकडे जाऊन आले. चिखलात पाऊलसुद्धा उमटलेलं नाही. मी मशीन बंद करायला उठले तर दादांच्या बायकोने, मालूवहिनींनी, अडवलं. बंद केलं तर ते दिसायचे कुठे, म्हणाल्या. चालूच ठेवलं.

१३ फेब्रुवारी
दोघं तिथेच. इकडे बघतायत. वहिनी माझ्या शेजारी बसल्यात—

तिसरं कुणीतरी आहे. अजून धूसर. कडा येतायत—

बाई. चष्मा. काहीतरी लिहितेय—

वहिनींनी हळूच विचारलं, ताय, तुमी तिकरं कवा गेलाव?

मी इथेच आहे, म्हटलं. त्यांनी वळून पाहिलंच नाही. पाय गार पडलेत, खाली चिखल—

वहिनी उठल्या. अजून कुणाला नेईल, बंदच करते, असं पुटपुटत बटणाकडे चालल्यात. नको म्हणतेय, त्यांना ऐकू जात नाही. बंद केलं तर मी—